इए विकली गेली. आता रोड रॅश परत येईल का?

कातळवाट (रत्नागिरी), ५ ऑक्टोबर २०२५

मंडळी, गेल्या सोमवारी, २९ सप्टेंबरला, इलेक्ट्रॉनिक आर्ट्स (इए) ही व्हिडिओ गेम काढणारी कंपनी विकली गेल्याची बातमी आली. सौदी अरेबियाचा सरकारी गुंतवणूक निधी पीआयएफ, आणि सिल्व्हर लेक, अफिनिटी पार्टनर्स या गुंतवणूक कंपन्या असे तिघे मिळून ५५ अब्ज डॉलर मोजणार आहेत. त्यातले २० अब्ज कर्जाऊ. भागधारकांना शेअरमागे २१० डॉलर रोख आणि कंपनी शेअर बाजारातून बाहेर.

फुटबॉलचं आणि बॅटलफील्डचं काय होणार याची काळजी करणारे जगात पुष्कळ आहेत. मला चिंता वेगळी. या कंपनीच्या कपाटात रोड रॅश हा बाईक शर्यतीचा जुना गेम पडून आहे, क्रिकेट ०७ आहे, कमांड अँड कॉन्कर आहे. मालक बदलला की अशी जुनी नावं बाहेर निघतात, की आणखी आत ढकलली जातात?

माझं मत: निघतील. डोक्यावर एवढं कर्ज असताना नवीन काहीतरी काढून हात पोळून घेण्यापेक्षा लोकांच्या तोंडात बसलेलं नाव पुन्हा विकणं सोपं. तुमचं काय म्हणणं?

हर्णैचा बाब्या

पहिला!
नाही येणार. लिहून ठेव.

अबोली

का नाही, ते पण लिहा की. नुसतं भविष्य सांगणारी माणसं आपल्याकडे वाडीवाडीत आहेत.

कुडाळचो झील

अरे मेल्यांनू, पंचावन अब्ज म्हणजे किती ता कोण सांगात काय? माका देवगड हापूसच्या पेटीत सांगा.

कातळवाट

@झील, रुपयांत जवळजवळ पाच लाख कोटी. पेट्या तूच मोज.

हर्णैचा बाब्या

@अबोलीताई, घ्या सविस्तर.

रोड रॅश पहिल्यांदा आला १९९१ मध्ये, सेगाच्या मशीनवर. आपण सायबरमध्ये खेळलो तो १९९६ चा विंडोजवाला. त्यात साउंडगार्डनसारख्या खऱ्या बँडची खरी गाणी होती. तोच गेम पुन्हा विकायचा तर त्या प्रत्येक गाण्याचा करार नव्याने करावा लागेल, आणि गाणी काढली तर निम्मी मजा गेली. दुसरं म्हणजे, चालत्या गाडीवरून शेजारच्याला साखळीने हाणायचा गेम आज मोठी कंपनी काढेल असं मला वाटत नाही. तिसरं, ज्यांना खरोखर हौस होती त्यांनी २०१७ मध्ये रोड रिडेम्प्शन काढला. छोटी टीम, स्वतःचं नाव, तीच मारामारी. तो बघूनही इए हलली नाही. पंचवीस वर्षं जी कंपनी हलली नाही ती मालक बदलला म्हणून हलेल?

आडिवरेकर

साखळी हिसकावून घेणं ही एक कला होती. समोरचा मारायला हात उचलतो त्याच क्षणी आपण मारलं तर साखळी आपल्या हातात. आमच्यातल्या एकालाच जमायचं. तो आता तलाठी आहे.

कुडाळचो झील

तेव्हापासूनच हिसकावून घेवची सवय 😂

खाडीपलीकडे

मी या धंद्यात काही वर्षं काढली आहेत, पुण्यात. कंपनीचं नाव सांगत नाही, विचारू नका. म्हणून जरा लांबड लावतो.

कातळवाट, तू 'नाव' म्हणतोयस तिथेच घोळ आहे. कंपनी विकत घेताना नाव मिळतं, आणि नशीब असेल तर जुन्या फायली मिळतात. करणारी माणसं मिळतीलच असं नाही. इएने १९९८ मध्ये वेस्टवुड घेतली, म्हणजे कमांड अँड कॉन्कर आणि रेड अलर्टवाले. २००३ मध्ये स्टुडिओ बंद. नाव इएकडे राहिलं, माणसं बाहेर पडली आणि त्यातल्या काहींनी पेट्रोग्लिफ नावाची कंपनी काढली. पुढे २०२० मध्ये इएला तो गेम नव्याने काढायचा होता तेव्हा काम कोणाला दिलं? पेट्रोग्लिफलाच. संगीतासाठी मूळ संगीतकार फ्रँक क्लेपाकीला बोलावलं. म्हणून तो रीमास्टर चांगला झाला.

आता फायलींचं. आम्ही एका जुन्या रेसिंग गेमवर काम केलं. हार्ड डिस्क आली, त्यात 'फायनल', 'फायनल २', 'हेच फायनल' असे फोल्डर, आणि कुठलाच चालेना. शेवटी बाजारातल्या सीडीवरून गेम उलगडायला घेतला. गाडीचा वेग फ्रेमच्या गणिताला बांधलेला. मूळ गेम सेकंदाला ३० फ्रेमचा, आम्ही ६० वर नेला तर गाड्या दुप्पट वेगाने भिंतीवर. वेग दुरुस्त केला तर ब्रेकचं गणित गेलं, ब्रेक दुरुस्त केला तर पोलिसांच्या गाड्या जागेवरच थरथरायला लागल्या. एकेक गाठ सोडवताना आम्हाला सारखं वाटायचं, हे ज्याने लिहिलं त्याला एक फोन करता आला असता तर दुपारच्या जेवणाआधी विषय मिटला असता. पण तो कुठे होता ते कोणालाच माहीत नव्हतं.

वर्षभराने आमचाच स्टुडिओ दुसऱ्या कंपनीने घेतला. पुढे काय झालं असेल ते ओळखा. मी आता गावी आहे, आर्किटेक्ट लोकांना घरांची थ्रीडी चित्रं करून देतो.

अबोली

बापरे. प्रतिसाद आवडला म्हणणं बरं दिसत नाही, पण आवडला.

देवगड बंदर

खाडीपलीकडे यांच्याशी अर्धा सहमत. नेहमीच असं होत नाही.

एज ऑफ एम्पायर्स घ्या. मायक्रोसॉफ्टने एन्सेम्बल स्टुडिओज २००१ मध्ये घेतली, २००९ मध्ये बंद केली. इथपर्यंत तुमचीच गोष्ट. पण आज एज २ ची जी डेफिनिटिव्ह एडिशन आपण खेळतो (२०१९), ती मूळ माणसांनी केलेली नाही. फॉरगॉटन एम्पायर्सने केली, आणि ती मंडळी मुळात हौशी खेळाडू, घरी बसून मॉड (म्हणजे गेममध्ये स्वतःचे बदल) बनवणारी. मायक्रोसॉफ्टने त्यांना हाताशी धरलं. २०२२ मध्ये डायनॅस्टीज ऑफ इंडिया आलं, त्यात बंगाली, द्रविड, गुर्जर आले. मूळ कंपनीला १९९९ मध्ये हे सुचलं नव्हतं. मोठ्या कंपनीच्या खिशाशिवाय पंचवीस वर्षांच्या गेमला अजून नवं सामान मिळालं असतं का?

हर्णैचा बाब्या

बरोबर, पण त्यात कंपनीचं कर्तृत्व किती? प्रेमाने करणारे लोक आधीच फुकट करत होते. कंपनीने एवढंच केलं की त्यांना कोर्टात खेचलं नाही.

देवगड बंदर

कोर्टात न खेचणं हेही आजकाल कमी नाही हो. शिवाय पगार दिला!

राजापूरची गंगा

हक्कांच्या घोळावर कोणीच बोललं नाही, म्हणून मी अवतीर्ण होते. (माझं आयडी आणि माझी हजेरी यांत फरक नाही, मधूनच उगवते.)

२००० मध्ये मोनोलिथ या स्टुडिओचा नो वन लिव्हज फॉरएव्हर हा गेम आला. बाई गुप्तहेर, साठच्या दशकाची फॅशन, तुफान विनोदी. आज तो तुम्हाला कुठल्याही दुकानात विकत मिळणार नाही. नाइटडाइव्ह नावाच्या कंपनीने तो परत आणायचा प्रयत्न केला तेव्हा कळलं की हक्क वॉर्नर, ॲक्टिव्हिजन आणि फॉक्स या तिघांत कुठेतरी अडकलेत. कोणाकडे नक्की किती, हे त्यांचं त्यांना सांगता येईना, आणि शोधायची तसदीही नको. आपल्याकडच्या सामाईक सातबाऱ्यासारखं: बारा नावं, त्यातली चार मयत, दोन बोरिवलीत, आणि कोणीच सही करत नाही. त्यात पुन्हा वारस बदलत गेले. फॉक्स २०१९ मध्ये डिस्नेकडे गेलं, ॲक्टिव्हिजन २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे. आणि खुद्द मोनोलिथ वॉर्नरने यंदा फेब्रुवारीत बंद केली.

उलट किस्सा याच नाइटडाइव्हचा. तिचा संस्थापक स्टीफन किक मध्य अमेरिकेत भटकत असताना त्याला सिस्टम शॉक २ खेळायची हुक्की आली. चालेना. विकत घ्यायला गेला, मिळेना. शोधता शोधता कळलं, मूळ स्टुडिओ लुकिंग ग्लास २००० मध्ये बंद पडल्यावर हक्क एका विमा कंपनीकडे जाऊन पडलेत. विमा कंपनी! याने त्यांनाच पत्र लिहिलं. २०१३ मध्ये गेम परत विक्रीला आला. पहिल्या सिस्टम शॉकचा नवा अवतार २०२३ मध्ये निघाला, आणि त्याच वर्षी अटारीने नाइटडाइव्हच विकत घेतली.

म्हणजे एक मालक असेल आणि एक चिकट माणूस असेल तर होतं. तीन मालक असतील तर ब्रह्मदेव आला तरी नाही.

आडिवरेकर

बोरिवलीतले दोघं सही करत नाहीत 😂😂 ताई, तुम्ही आमचा सातबारा कुठे बघितलात?

वाचनमात्र

फक्त हे लिहिण्यासाठी लॉगिन केलं: मुस्तफा परत आणा. बाकी काही नको.

कुडाळचो झील

मुस्तफा!! आमच्या बाजारात गेम पार्लर होता, रुपयाक एक कॉइन. बिलियर्ड टेबलाच्या मागे ता मशीन. पिवळी टोपी घातलेलो तो मुस्तफा. आवशीन भाजी आणूक पाठवलेला, भाजीचे पैसे मुस्तफाक.

राजापूरची गंगा

त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम, १९९३. तो एका अमेरिकन कॉमिकवर बेतलेला, म्हणजे गोष्टीचे हक्क कॅपकॉमचे नाहीतच. शिवाय कॅडिलॅक हे मोटार कंपनीचं नाव. कॅपकॉमने आपले किती जुने गेम संग्रहांमधून परत आणले, हा मात्र नाही.

कुडाळचो झील

ताई, तुम्ही माझा लहानपण एका परिच्छेदात बंद केलात.

पोफळी

अवांतर होतंय, पण होऊ दे. गणपतीला मुंबईचे चाकरमानी आले की त्यांच्या पोरांकडे व्हिडिओ गेमच्या कॅसेटी असायच्या, वर छापलेलं '९९९९९९ इन १'. आत मोजून वीसेक गेम, बाकी सगळे तेच, पाचव्या लेव्हलपासून सुरू होणारे. काँट्रा त्यातच. आरती चालू असताना आतल्या खोलीत आवाज बंद करून खेळायचो. प्रसादाला हाक आली की मी मरायचे.

काँट्राही परत आला बरं का, २०२४ मध्ये, ऑपरेशन गालुगा. कोनामीने स्वतः न करता वेफॉरवर्डकडून करून घेतला. भाच्याबरोबर खेळले. वाईट नाही. पण भाचा म्हणाला, "मावशी, हे सारखं उजवीकडेच का जायचं?"

देवगड बंदर

@पोफळी 🙏 भाच्याला काँट्राचा तीस जीवांचा कोड शिकवा. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं, बी, ए.

खाडीपलीकडे

कोनामीचं उदाहरण चांगलं निघालं. सायलेंट हिल २ त्यांनी पोलंडच्या ब्लूबरला दिला तेव्हा जगभर शिव्या पडल्या होत्या. २०२४ मध्ये आला आणि शिव्या देणारेच विकत घेऊन खेळले. म्हणजे परक्या हातांना जमत नाही असं मी म्हणत नाही. वेळ आणि मोकळीक लागते.

आणि हे दोन्ही नसलं की काय होतं? प्रिन्स ऑफ पर्शिया, सँड्स ऑफ टाइम. २०२० मध्ये जाहीर झाला, युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओत. आपल्याकडे बनणारा पहिलाच एवढा मोठा गेम, आम्ही सगळे फुगलो होतो. ट्रेलर आला आणि चित्रं जुनाट दिसतात म्हणून जगाने धुऊन काढलं. जानेवारी २०२१ ला येणार होता, पुढे ढकलला, परत ढकलला, आणि २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला गेलं. त्या वेळी 'भारतीयांना जमलं नाही' हे वाक्य इतक्या ठिकाणी वाचलं की विचारू नका. वेळापत्रक कोणी ठरवलं, पैसे किती दिले, हे कोणी विचारलं नाही.

हर्णैचा बाब्या

त्या ट्रेलरला मीही नावं ठेवली होती आणि आजही ठेवीन. राजपुत्राचा चेहरा मेणाचा होता. कोणी बनवला त्याच्याशी मला काय करायचंय? पैसे मी पूर्ण देणार होतो ना?

खाडीपलीकडे

चेहरा मेणाचा होता हे मान्य. बाकी अमान्य.

अबोली

दोघांनी सोलकढी घ्या आणि शांत व्हा.

आडिवरेकर

वाईट रीमास्टर म्हटलं की जीटीएची ट्रायलॉजी, २०२१. माणसांचे चेहरे सुजलेले, पाट्यांवरच्या स्पेलिंगची वाट, आणि पाऊस असा की समोरचा रस्ताच दिसेना. रॉकस्टारला माफी मागावी लागली होती. मी तो पाऊस बघत बसलेलो, आई मागून म्हणाली, "बाहेर चार महिने तेच बघून पोट भरलं नाही तुझं?"

देवगड बंदर

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण सौदी पैशाचा मुद्दा कोणी घेतलाच नाही.

स्वीडनची एम्ब्रेसर आठवते का? दिसेल तो स्टुडिओ घेत सुटली होती. २०२२ मध्ये ३० कोटी डॉलरला क्रिस्टल डायनॅमिक्स आणि आयडॉसचे स्टुडिओ घेतले, त्याबरोबर टूम्ब रेडर, ड्यूस एक्स, थीफ ही सगळी नावं. सगळा हिशेब एका दोन अब्ज डॉलरच्या करारावर बेतलेला, आणि तो करार मे २०२३ मध्ये फिसकटला. समोरची पार्टी सौदीची सॅव्ही होती असं नंतर बातम्यांत आलं, म्हणजे याच पीआयएफची. मग कापाकापी. सेंट्स रो करणारी व्होलिशन बंद. टाइमस्प्लिटर्स परत आणायला म्हणून मुद्दाम उभी केलेली फ्री रॅडिकल, गेम यायच्या आधीच बंद. गिअरबॉक्स २०२१ मध्ये घेतली तेव्हा कमाल १.३ अब्जांपर्यंतचा सौदा होता, २०२४ मध्ये टेक-टूला विकली ४६ कोटीला.

तेव्हा कातळवाट, 'कर्ज आहे म्हणून जुनी नावं काढतील' हे तुझं गणित मला उलटं वाटतं. कर्ज असलं की जे आज कमावतंय तेच पिळतात. इएकडे फुटबॉल आहे. रोड रॅशला कोण विचारतो?

कातळवाट

पण मग एसएनके या गेम कंपनीचं काय? ती कंपनीही सौदीच्याच मालकीची आहे, युवराजांच्या मिस्क फाउंडेशनची. त्यांनी यंदा एप्रिलमध्ये फेटल फ्युरी परत आणला, सव्वीस वर्षांनी! १९९९ नंतर थेट २०२५. हिशेबी माणसाने हे केलं नसतं. हौस आणि पैसा दोन्ही असलेला मालक मिळाला तर होतं.

हर्णैचा बाब्या

आणि त्यात लढायला कोण आहे? क्रिस्तियानो रोनाल्डो. फुटबॉलवाला रोनाल्डो, मारामारीच्या गेममध्ये. ही तुझी हौस.

कुडाळचो झील

म्हणजे रोड रॅश इलो तर बाईकवर रोनाल्डो असतलो. नको माका.

वाचनमात्र

क्रिकेट ०७ बद्दल कोणीतरी बोला.

आडिवरेकर

बोलतो. यात कंपनीची गरजच संपली आहे.

क्रिकेट ०७ नंतर इएने क्रिकेट सोडूनच दिलं. आयपीएल सुरू झाली २००८ मध्ये, म्हणजे गेम आल्यावर. तरी आमच्या गावात पोरं त्याच गेममध्ये आयपीएल खेळतात, कारण दरवर्षी कोणीतरी हौशी माणसं नव्या टीम, नवे टी-शर्ट, नवी मैदानं बनवून पॅच टाकतात. माझ्या पुतण्याने त्यात आमच्या वाडीची टीमच घातली आहे. टेनिस बॉल स्पर्धेचे आमचे खरे टी-शर्ट फोटो काढून चिकटवलेत, मागे प्रायोजक म्हणून चिकन सेंटरचं नाव. विकेटकीपरची जागा काकांना दिली आहे, कारण काका हलत नाहीत.

अधिकृत नवे क्रिकेट गेम आता ऑस्ट्रेलियाची बिग अँट काढते, तिला नेकॉनने घेतलंय. दिसायला भारी. पण पुतण्याच्या लॅपटॉपवर चालत नाहीत, ०७ चालतो. विषय संपला.

पोफळी

चिकन सेंटर 😂 स्क्रीनशॉट टाका!

राजापूरची गंगा

आडिवरेकर, तुमचा प्रतिसाद हाच या धाग्यातला सगळ्यात कामाचा. कंपनीने दार थोडं किलकिलं ठेवलं तरी पुरतं. इएनेच यंदा फेब्रुवारीत कमांड अँड कॉन्करच्या काही गेमचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्रॅम, खुला केला, जनरल्स धरून. त्यात हौशी लोक आता स्वतः दुरुस्त्या करतायत. पण यालाही मर्यादा आहे. वेस्टवुडच्याच ब्लेड रनर गेमचा सोर्स कोड स्टुडिओ हलवताना हरवला. २०२२ मध्ये नाइटडाइव्हने तो उलगडून नवा काढला, तो इतका फसला की दुकानाला जुनी आवृत्ती परत ठेवावी लागली. आणि ती जुनी आवृत्ती आज चालते ती स्कमव्हीएम या हौशी लोकांच्या, जुने गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर.

तेव्हा कातळवाट, नवा मालक रोड रॅश काढेल की नाही हे सोडा. त्याच्या फायली कोणी नीट जपल्यात का, हे विचारा.

खाडीपलीकडे

'हेच फायनल' या फोल्डरात असतील.

कातळवाट

😂 माझं मत थोडं डळमळीत झालंय, पण पूर्ण बदललेलं नाही. तीन वर्षांत काहीतरी येईल. रोड रॅश नाही तर रेड अलर्ट. पैज?

हर्णैचा बाब्या

घेतली. एक पेटी हापूस, पहिल्या तोडणीचा. मोबाईलवरचा फुकट गेम आला तर तो धरायचा नाही, आधीच सांगतो.

कातळवाट

का नाही धरायचा? गेम तो गेमच.

हर्णैचा बाब्या

मग पायरीची पेटी.

देवगड बंदर

तुमचं चालू द्या. एज २ साठी चार जण हवेत, शनिवारी रात्री साडेनऊ. खाडीपलीकडे, आडिवरेकर, झील, येताय का?

कुडाळचो झील

येतंय. पण पहिली वीस मिनिटा कोणी हल्लो करूचो नाय.

आडिवरेकर

मी आहे. आमच्याकडे वारा सुटला की लाईट जाते, तेव्हा मी मधेच गायब झालो तर घाबरून पळाला असं समजू नये.

खाडीपलीकडे

आहे. मी गुर्जर घेणार, आधीच सांगून ठेवतो.

पोफळी

पाचवी चालेल का? भाच्याला झोपवून येते, पावणेदहा होतील.

देवगड बंदर

चालेल की! मग सहावा पण शोधा, तीन-तीन होऊ. @वाचनमात्र, लॉगिन केलंच आहेस तर ये.